महाराज दाराबाहेर

केसरची नोकरी आज संध्याकाळी जाणार होती, कारण तिने काम केलं होतं!

राजा धुरंधरसेनाला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नसे. म्हणूनच तर राजवाड्याच्या सॉफ्टवेअर टीमची परीक्षा त्याने स्वतःच्या हाती घेतली होती. ज्याचा कोड जास्त लांब, तो जास्त हुशार! टीमप्रमुख त्र्यंबकपंतांनी महाद्वार उघडायचा प्रोग्राम इतका लांबवला की त्यांचा भर दरबारात सत्कार झाला. केसर मात्र पडली शेतकऱ्याची पोर. शेतातलं तण उपटावं तशी ती त्यातल्या फालतू ओळी खोडत बसे.

"हिचं काम शून्याच्याही खाली!" राजा कडाडला. "पोरी, टीमचं काम मोजायचं माझ्यापेक्षा चांगलं माप संध्याकाळपर्यंत दाखव. आणि ते मला कळलंही पाहिजे! नाहीतर चालती हो!"

दरबारी गालात हसले. राजाला काही कळणं, ही अट खरोखरच अशक्य होती.

"दाखवते की! महाराजांनी फक्त साध्या कपड्यांत, एकट्यानं बाहेर फिरून यावं."

एरवी राजा वाजतगाजत येई आणि पहारेकरी महाद्वार हातानेच उघडत. आज फिरून परतलेल्या साध्या कपड्यांतल्या माणसाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दारच बोललं.

"नाव?"

"धुरंधरसेन."

"धंदा?"

"राजा!"

"राजा असल्याचा दाखला?"

"अरे मूर्खा, दाखले मीच देतो!"

"मग आत जाऊन घेऊन या."

ऊन तापलं. आत पानं वाढली गेली. राजाने दारावर लाथ मारली, तेव्हा दाराने अदबीने विचारलं, "आमची सेवा कशी वाटली?"

"महाराज, हा प्रश्न मीच घातलाय!" सज्जातून त्र्यंबकपंत अभिमानाने ओरडले.

"खड्ड्यात गेला तुमचा प्रश्न! केसर, दार उघड!"

आत केसरने प्रोग्राममधला नावाचा प्रश्न तेवढा ठेवला, बाकी सगळं खोडलं. दार उघडलं.

"आता माप दाखव!" राजा धापा टाकत म्हणाला.

"आत्ताच तर पाहिलंत, महाराज! आतल्यांनी किती लिहिलं, ते काय मोजायचं? बाहेरच्याला किती ताटकळावं लागलं, ते मोजा. आणि ते तुम्हालासुद्धा कळलं!"

राजाने डोळे वटारले, मग पोट धरधरून हसला. केसर टीमप्रमुख झाली. वाड्याची रोजची भाजी आणायला त्र्यंबकपंतांची नेमणूक झाली, आणि त्यांच्यापुरता जुना प्रोग्राम तसाच चालू ठेवायचा हुकूम सुटला.