महाधमनीच्या मागची शीर

१७ जानेवारी, मंगळवार. पहाटे दाट धुके, साडेआठनंतर लख्ख ऊन. वारा नाही, गारठा मात्र हाडात शिरणारा.

एकदा एक शल्यविशारद अशा सकाळी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डिसेक्शन हॉलच्या पायऱ्या चढत होता. वय बेचाळीस. हात इतका सफाईदार, की मूत्रपिंड रोपणासाठी चार जिल्ह्यांतून माणसे त्याच्याकडे येत. पण त्या सकाळी तो कुणाला बरे करायला निघाला नव्हता. तो भांडायला निघाला होता, आणि ज्यांच्याशी भांडायचे ते त्याचे गुरू होते.

गुरू शरीररचनेचे वृद्ध अध्यापक. निवृत्त होऊन अठरा वर्षे लोटली, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते हॉलमध्ये येत, देहदात्यांना नमस्कार करीत आणि लाकडी स्टुलावर बसून राहत. त्यांचा एक नेम होता. हॉलमध्ये आलेल्या प्रत्येक देहाच्या पोटातल्या मोठ्या शिरा, पुस्तक न उघडता, जशा दिसतील तशा वहीत काढायच्या. एकेचाळीस वर्षांत तीनशे बारा देह त्या वह्यांत उतरले होते. पुस्तकात शिरांचे चित्र एक असते. वह्यांत तीनशे बारा होती. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी महानीला बहुतेकांच्या पोटात कण्याच्या उजव्या अंगाने, हृदयाकडून रक्त आणणाऱ्या महाधमनीच्या शेजारून चढते. वह्यांत कुणाची ती डावीकडे होती, कुणाला एकीच्या जागी दोन होत्या.

आदल्या रविवारी गुरूंनी त्या सगळ्या वह्या प्रमिला कनाके हिला देऊन टाकल्या.

प्रमिला त्याच महाविद्यालयात शरीररचना शिकवी. शिष्याहून नऊ वर्षांनी लहान, गुरूंकडे आली तीही त्याच्यानंतर, आणि पहिल्या वर्षाला एकदा नापास झालेली. रविवारपासून शिष्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सरांच्या मोतीबिंदूच्या वेळी गाडी कुणी चालवली? सरांच्या पत्नी गेल्या तेव्हा तेरा दिवस दारात कोण उभे होते? ‘सरांचा उजवा हात’ असे सारे गाव कुणाला म्हणत होते? आणि वह्या मात्र शाईने बोटे बरबटलेल्या त्या पोरीला! गेल्या वर्षभरात सरांनी चारचौघांत तिचे नाव किती वेळा घेतले, हे त्याला पाठ होते. तिच्या डब्यातली जवसाची चटणी सर मागून खातात, हेही त्याने मनात टिपून ठेवले होते. स्वतःच्या डब्यातले काही सरांनी कधी मागितले नव्हते, हे त्याला या वयात खुपावे याची त्याला लाज वाटे, आणि तरी ते खुपे.

एवढेच असते, तर दुखणे त्याचे त्याच्यापाशी राहिले असते. पण गुरुवारी शस्त्रक्रिया होती. वच्छलाबाई नावाची बावन्न वर्षांची बाई धाकट्या भावाला आपले डावे मूत्रपिंड देणार होती. डावेच, कारण त्या बाजूची शीर लांब असते आणि दुसऱ्याच्या पोटात जोडायला सोपी जाते.

काल, सोमवारच्या बैठकीत, वच्छलाबाईंचा सीटी स्कॅन पडद्यावर आला होता. बाहेरच्या केंद्राच्या अहवालात लिहिले होते, डाव्या मूत्रपिंडाची शीर एक, महाधमनीच्या पुढून, नेहमीप्रमाणे. तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रमिला उठली. ती त्याला पहिल्यापासून दादा म्हणे.

“दादा, जरा खाली घेता का? महाधमनीच्या मागे मला अजून एक दिसतेय.”

“अहवालात नाही.”

“अहवालात नाही, पण चित्रात असावी. पुसट आहे.”

शिष्य हसला. “मॅडम, वहीत शिरा काढणं वेगळं आणि पोट उघडणं वेगळं. तिथे खोडरबर चालत नाही.”

हशा पिकला. प्रमिला खाली बसली. त्याने पडदा बंद केला, आणि नंतर एकटा असतानाही तो स्कॅन पुन्हा उघडून पाहिला नाही. का पाहिला नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते. तिचे खरे निघाले असते तर? गुरुवारी पोट उघडावे, मागे काहीच निघू नये, आणि ही गोष्ट फिरत फिरत सरांच्या कानी जावी, एवढेच त्याला हवे होते.

आज सकाळी तो वॉर्डात डोकावला, तेव्हा वच्छलाबाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या.

“डॉक्टरसाहेब, डावं काढा का उजवं काढा, मले काय त्याचं? भावाच्या पोटात नीट बसलं पाहिजे. लहानपणी माझ्या ताटातली भाकर पळवायचा. म्हणा, आता हेही घे.” मग पदर सावरून हळूच विचारले, “मी उठीन ना जी परत?”

“उठाल की. माझ्या टेबलावरून न उठलेलं अजून कुणी नाही.”

हे बोलताना त्याने त्यांच्याकडे पाहिले नव्हते. तो तसाच इकडे आला होता.

हॉलच्या दारात जुना सेवक दौलतराव उभा होता. “या साहेब. सर आहेत आत. वह्या मात्र नाहीत हो, त्या गेल्या सासरी.”

शिष्य त्याच्या बाजूने आत शिरला. तो थेट स्टुलासमोर जाऊन उभा राहिला.

“सर, तिलाच का?”

गुरूंनी वर पाहिले. काय, कुणाला, काहीच विचारले नाही. “हातमोजे घाल,” म्हणाले. मग उठले, गळ्यातला लोकरी मफलर सोडला, आणि त्या नावाजलेल्या शल्यविशारदाच्या डोळ्यांवर घट्ट बांधला. दौलतरावाने हसू दाबायला तोंडावर हात धरला.

“सर, हे काय? आंधळी कोशिंबीर?”

“आधी नमस्कार कर. हे तीन नंबरचे आजोबा. शाळामास्तर होते.”

शिष्याने हात जोडले. गुरूंनी त्याचा उजवा हात धरून देहाच्या उघड्या पोटात नेऊन ठेवला. “डाव्या मूत्रपिंडाची शीर शोध. कुठून कुठे जाते, सांग.”

अर्धे मिनिटही लागले नाही. “ही घ्या. महाधमनीच्या पुढून, सरळ महानीलेत. नेहमीसारखी.”

“झालं?”

“झालं.”

“घाई नाही रे. वेळ भरपूर आहे.”

“सर, रोजचं काम आहे माझं हे.”

“रोजचं आहे, ठाऊक आहे. झालं का, एवढं सांग.”

“झालं म्हणजे झालं!” त्याच्या आवाजाला धार आली होती. दौलतराव हसायचा थांबला.

गुरूंनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला, त्याचे बोट दोन अंगुळे खाली नेले आणि महाधमनीच्या पाठीमागे सारले. तिथे, कण्याला लगटून, पेन्सिलीएवढी जाड एक शीर होती.

शिष्याचे बोट जागीच थबकले. मग ते आपण होऊन पुढे सरकले. शीर त्याच मूत्रपिंडाकडून येत होती, महाधमनीला मागून वळसा घालत होती आणि पलीकडे महानीलेला मिळत होती. एक पुढून, एक मागून, मध्ये महाधमनी. त्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाचपली. जिवंत माणसाच्या पोटात असे बोट बेसावधपणे फिरले असते, तर पोट रक्ताने भरायला किती वेळ लागला असता, हे हॉलमध्ये त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

“ऑगस्टमध्ये प्रमिला या टेबलाशी आली,” गुरू म्हणाले. “पुढची शीर तिलाही तुझ्याइतकीच चटकन सापडली. मग पाऊण तास इथेच. मी विचारलं, अगं, सापडली ना, आता काय शोधतेस? म्हणाली, एक सापडली, म्हणूनच बघतेय.”

शिष्याने मफलर काढला. स्टूल रिकामे होते, तो त्यावर बसला. गुरू उभेच राहिले.

“तुझं बोट पुस्तक संपलं तिथे थांबलं. ऐक. आईच्या पोटात असताना तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्याच महाधमनीभोवती शिरांचं असं कडं असतं. पुढे बहुतेकांत त्याची मागची बाजू विरून जाते. काहींत राहते. राहिली म्हणून तो माणूस रोगी ठरत नाही. या मास्तरांनी ती पोटात घेऊनच आयुष्यभर पाढे शिकवले. तिच्यामुळे जीव जातो तो एकाच रीतीने. पुढची शीर दिसली, आता मागे काही नाही, असं धरून कुणीतरी सुरी चालवतो.”

मग गुरू आवाज खाली आणून म्हणाले, “मत्सराचंही तसंच असतं, बाळा. लहानपणी तो सगळ्यांतच असतो. बहुतेकांचा विरतो, काहींचा राहतो. तुझा राहिलाय. त्यासाठी मी तुला वाईट म्हणणार नाही. माझाही बरीच वर्षं होता. पण तो आपल्यात कुठून वाहतो, हे माहीत करून घेतल्याशिवाय हातात सुरी धरू नये.”

मग शिष्याने सोमवारची हकीकत सांगितली. स्कॅन, प्रमिलेचा प्रश्न, खोडरबर, हशा. स्कॅन नंतर का उघडला नाही, तेही सांगितले. ते सांगताना त्याची मान खाली होती.

गुरूंना खोडरबराचे हसू आले. “टोमणा फक्कड आहे. परवा ती बाई टेबलावरच राहिली असती, तर पुढचा टोमणा कुणाला मारला असतास?”

शिष्य उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. “सर, तरी सांगा. वह्या मला का नाही दिल्या?”

“तुला वह्या हव्या होत्या. तिला वह्यांत काय आहे, ते हवं होतं.”

हे ऐकून त्याचे मन एकाएकी निर्मळ झाले, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. जिना चढताना मत्सर त्याच्या सोबत होता, पायरीगणिक टोचत होता. फरक इतकाच, की आता तो टोचतो आहे हे त्याला कळत होते. प्रमिलेच्या खोलीच्या दारात तो क्षणभर थांबला. टेबलावर वह्यांची चळत होती. तिकडे पाहायचे नाही असे ठरवूनही त्याने पाहिले.

“प्रमिला, तो कालचा स्कॅन. जरा माझ्याबरोबर बघतेस?”

ती पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. “खोडरबर आणू का, दादा?”

“आण. मलाच लागेल.”

दोघे संगणकासमोर बसले. एकेक छेद वरून खाली सरकवत वीस मिनिटे गेली. प्रमिला मध्येच म्हणाली, “मी छातीठोक नाही सांगत हं. माझी चूकही असेल.” तिची चूक निघाली असती तर आजही त्याला बरे वाटले असते. तरी तो पाहत राहिला. आणि ती शीर त्यालाच दिसली, कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, महाधमनीमागे, राखाडी दोऱ्यासारखी.

“ही?”

“हीच.”

एवढी बारीक खूण हिला शेवटच्या रांगेतून दिसली होती. ते मनात येताच पुन्हा एकदा जुनी कळ उठली. त्याने ती उठू दिली. मग फोन उचलून थिएटरला कळवले, की गुरुवारी आधी मागची शीर शोधून बांधायची, तोवर मूत्रपिंड सोडवायला घ्यायचे नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी एक तास जास्त धरायचा.

“गुरुवारी थिएटरमध्ये उभी राहशील?” त्याने विचारले.

“मी कुठे पोट उघडते?”

“उघडायचं माझ्याकडे. बघायचं तुझ्याकडे.”

“चालेल,” ती म्हणाली. “पण वॉर्डातल्या बाईला आज तुम्हीच सांगा.”

त्याने वॉर्डात जाऊन वच्छलाबाईंना सांगितले, की पोटात एक शीर जास्तीची आहे, त्यामुळे काम थोडे लांबेल. त्या म्हणाल्या, “जास्तीची असंल तं तेही देऊन टाका भावाले.”

जे आपल्याला नेमके दिसले, त्याच्या मागे एकदा बोट फिरवून पाहावे. मग ते शरीर असो की मन.

१९ जानेवारी, गुरुवार. आकाश स्वच्छ, थंडी कमी. शस्त्रक्रिया सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. वच्छलाबाईंची मागची शीर पुढच्या शिरेच्या साडेतीन सेंटिमीटर खाली निघाली. रुंदी पाच मिलिमीटर. ती दोन ठिकाणी बांधून मध्ये कापली. रक्तस्राव नव्वद मिलिलिटर. भावाच्या पोटात मूत्रपिंड जोडल्यावर नवव्या मिनिटाला लघवी सुरू झाली. वच्छलाबाई सहाव्या दिवशी, २५ जानेवारीला, चालत घरी गेल्या.