आधी तुमचं रान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव कोणत्या राजाच्या राज्यात होतं हे सांगणारंसुद्धा आज कुणी उरलेलं नाही.

गावची जमीन काळी, कसदार आणि हट्टी. पाऊस प्याली की फुगायची, ऊन लागलं की आक्रसायची आणि आक्रसली की फाटायची. पहिल्यांदा भेग केसाएवढी दिसायची. आठ दिवसांत ती बोटाएवढी व्हायची. पुढे हात जाईल एवढी. खोल मुरलेली ओल या भेगांतून निघून जायची आणि जाताना जरासुद्धा आवाज करायची नाही.

यावर उपाय साधा होता. भेगा बारीक आहेत तोवर पिकाच्या ओळींमधून बैलजोडीनं कोळपं ओढायचं. पात्यानं वरची माती मोकळी व्हायची, ती भेगांत पडायची आणि खालची ओल खालीच राहायची. त्या ओलीवर ज्वारी सबंध हिवाळा काढायची. वरून पाण्याचा थेंब नसला तरी चालायचं.

पण लागोपाठ तीन वर्षं वाईट गेली आणि गाव उठायला लागलं. पाटील गेला, सुतार गेला, शेवटी देवळातला गुरवही गेला. राहिली दोनच घरं. एका घरात एक उंच म्हातारा एकटाच राहत होता. दुसऱ्या घरात एक ठेंगणा म्हातारा आणि त्याची बायको. त्यांची खरी नावं मला माहीत नाहीत. आपण त्यांना उंचेबुवा आणि ठेंगणेबुवा म्हणू.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. दोघांनी ज्वारी पेरली, ती उगवलीही छान. बांधावर उभे राहून दोघांनी ठरवलं, की ही ज्वारी आली तर इथंच राहायचं आणि इथंच मरायचं. नाही आली, तर आपणही गाव सोडायचं.

उंचेबुवांकडे एक पांढरा बैल होता. ठेंगणेबुवांकडे एक तांबडा. त्या जड मातीत एकट्या बैलाला कोळपं ओढवत नसे, म्हणून दोघांची सावड होती. दोन बैलांची एक जोडी करायची आणि आळीपाळीनं दोन्ही रानं कोळपायची.

आता या गावाची एक रीत होती. सावडीत ज्याचं रान आधी होई, त्यानं दुसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन दुसऱ्याला पानसुपारी द्यायची आणि चारचौघांत म्हणायचं, "तुमच्यामुळं माझं रान तगलं." एवढंच. पण हे एवढंसं वाक्य भल्याभल्यांच्या घशात अडकायचं. पूर्वी पाटील चिठ्ठी टाकून पहिला नंबर ठरवायचा, त्यामुळे कुणाचा इलाज चालत नसे. आता पाटीलच नव्हता.

पेरणीला तीन आठवडे झाले. केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या. ठेंगणेबुवा बांधावर गेले.

"दादा, उद्या तुमचं रान कोळपून घेऊ."

"छे छे," उंचेबुवा म्हणाले, "आधी तुमचं. माझं काय, कवाबी हुईल."

"आसं कसं? तुम्ही वयानं मोठं."

"म्हणून तर म्हणतोय. आधी तुमचं रान."

दोघंही हसले, दोघांनीही एकमेकांना नमस्कार केला आणि दोघंही आपापल्या घरी गेले. दोन सज्जन एकत्र आले की काम कसं अडतं ते बघा!

दुसऱ्या दिवशी हेच झालं. तिसऱ्या दिवशीही. दोघांच्याही मनात दुसऱ्याचं भलंच होतं, असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. उपकार करणारा मी व्हावं, घेणारा त्यानं व्हावं, एवढाच हिशेब दोघांच्या डोक्यात चालला होता.

सहाव्या दिवशी तांबडा बैल दावणीवरून म्हणाला, "धनी, मी रानातनं चालतो तवा भेगंतनं पायाला गार वाफ लागती. ती आपली ओल हाय. चाललीय ती."

"मला ठाऊक हाय," ठेंगणेबुवा म्हणाले.

"मग मला जुवाला लावा की."

"त्यानं बोलवू दे आधी."

नवव्या दिवशी बैल पुन्हा म्हणाला, "धनी, आता वाफ गार लागत न्हाई."

ठेंगणेबुवांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्यापुढे वैरण टाकली.

अकराव्या दिवशी त्यांच्या बायकोचा संयम सुटला. भाकरी थापता थापता ती थांबली. "अवो, पानसुपारी द्यायची म्हणून एवढं भ्याताय? चावडीवर हाय कोण ऐकायला? दारातनं बोरीचं झाड उगवलंय तिथं! गाव गेलं, लोक गेली, आन तुमचा मान तेवढा मागं राहिला व्हय?"

ठेंगणेबुवांनी मान खाली घातली. मग ते उठले, तांबडा बैल सोडला आणि बांधाकडे निघाले.

समोरून उंचेबुवा पांढऱ्या बैलाला घेऊन येतच होते. दोघं बांधावर समोरासमोर आले आणि दोघंही एकदमच म्हणाले, "दादा, आधी माझं रान करा."

मग उंचेबुवांनी ठेंगणेबुवांना मिठी मारली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकी साधी गोष्ट, आणि तिला अकरा दिवस लागले होते.

ठेंगणेबुवांचं रान जवळ होतं. तिथंच जोडी जुंपली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या ओळीत ज्वारीच्या पानांखाली एक रुंद भेग होती. वरून पातळ ढेकळांनी झाकलेली, म्हणून ती कुणाला दिसली नाही. पांढऱ्या बैलाचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तांबडा आपल्या चालीनं पुढं ओढत राहिला आणि हाड मोडल्याचा आवाज दोघा म्हाताऱ्यांनी ऐकला.

पांढरा बैल हंबरला नाही. "जू सोडा," एवढंच म्हणाला.

त्यांनी जू सोडलं. पाय बाहेर काढला. उंचेबुवा दिवसभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ठेंगणेबुवांच्या बायकोनं हळद बांधली, पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी पांढरा बैल गेला.

आता जोडी नव्हती. आजूबाजूच्या गावांतही बैल उरले नव्हते. तिघा म्हाताऱ्या माणसांनी खुरपी घेतली, टोपल्या घेतल्या आणि गुडघ्यांवर बसून भेगा बुजवायला सुरुवात केली. टोपलीभर माती टाकली तरी भेग तशीच राहायची. एक बुजेपर्यंत शेजारी दोन नव्या फाकायच्या.

एके सकाळी ठेंगणेबुवांनी एका भेगेत खांद्यापर्यंत हात घातला. खाली कुठंतरी ओल लागेल, असं त्यांना वाटत होतं. माती कोरडी ठाक होती. त्यांच्या बोटांना भेगेच्या कडेला काहीतरी लागलं. ते त्यांनी बाहेर काढलं. ज्वारीची मुळं होती. जमीन फाकताना ती ताणली गेली होती आणि दोऱ्यासारखी तटातट तुटली होती.

त्यांनी ती मुळं उंचेबुवांना दाखवली. उंचेबुवांनी खुरपं खाली ठेवलं. त्यानंतर कुणी भेग बुजवली नाही.

ज्वारी कंबरेएवढी असतानाच वाळली. कणसं आली, पण त्यांत दाणा भरला नाही. रात्री वारा सुटला की सगळं रान कागदासारखं वाजायचं, आणि तिघांपैकी कुणालाच झोप लागायची नाही.

शेवटी निघायचा दिवस आला. ठेंगणेबुवांनी तांबड्याच्या पाठीवर भांडी आणि गोधड्या लादल्या. बायकोला घेऊन ते नदीपलीकडे दुसऱ्याच्या शेतावर राबायला चालले होते. उंचेबुवा उत्तरेला, लेकीच्या सासरी. लेकीच्या घरचं अन्न खायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण दुसरी वाट नव्हती.

"मी पह्यल्याच दिवशी हो म्हणालो असतो तर..." उंचेबुवांनी बोलायला सुरुवात केली.

"नका बोलू दादा," ठेंगणेबुवा म्हणाले. "आता कशाला?"

दोघं दोन वाटांनी गेले. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. मागं राहिलेल्या रानात भेगा फाकत गेल्या, एकमेकींना मिळाल्या, आणि बांध कुठला नि रान कुठलं हे ओळखू येईनासं झालं.

बाळांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: जो वेळेवर मदत घ्यायला लाजतो, त्याला वेळ गेल्यावर मदत मिळूनही काही उपयोग होत नाही.