डोंगरासाठी आलेले राजवस्त्र

एकदा एक साम्राज्य वाढत वाढत डोंगरांच्या पायथ्याशी आले आणि तिथे अडले. मैदानातली राज्ये त्याने सहज घेतली होती. राजा शरण आला की राज्य शरण येई आणि लोक मुकाट्याने नव्या धन्याचा सारा भरू लागत. डोंगरात मात्र राजधानी नव्हती. नुसते पाडे होते, उतारावर नाचणी-वरईची शेते होती आणि खिंडीवर पाळीपाळीने पहारा देणारी माणसे होती. सैन्य दोनदा चढून गेले आणि दोन्ही वेळा दगडगोट्यांच्या माऱ्याखाली परत उतरले.

त्या दोन्ही लढायांत जो तरुण सर्वांत पुढे होता, त्याचे नाव वेस्ता. तो एका वृद्धाचा शिष्य होता. त्या वृद्धाला सगळा डोंगर ‘बाबा’ म्हणे. औषधी मुळ्या ओळखाव्यात कशा, तंटा मिटवावा कसा, हे वेस्ता त्यांच्याचकडे शिकला होता. आणि कुणापुढे वाकायचे नाही, हेही.

तिसऱ्या खेपेला सैन्य आले नाही. सम्राटाने पायथ्याशी चौक्या बसवल्या आणि डोंगरात जाणारे मीठ बंद केले. माणसे अळणी भाकरी खाऊ लागली. गुरे खडक चाटत फिरू लागली. लोक पुरते हैराण झाल्यावर एक दूत आला. त्याच्या हातात जरीचे राजवस्त्र होते.

“सम्राटांना आता वैर नको आहे,” दूत म्हणाला. “वेस्ता या वीराला ते डोंगराचा राजा मानतात. त्याने हे वस्त्र स्वीकारावे, की उद्यापासून मीठ सुरू होईल. खंडणी नको, सैन्यही येणार नाही. राजाने वर्षातून एकदा दरबारी यावे, एवढेच.”

वेस्ताने बाबांकडे पाहिले. बाबा याला आता हाकलून देणार, असे त्याला वाटले. पण बाबा उठले, त्यांनी ते वस्त्र स्वतःच्या हातांनी वेस्ताच्या खांद्यावर घातले आणि त्याच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला.

जमलेले लोक थक्क झाले.

“बाबा, हे काय करताय?” वेस्ता कुजबुजला.

“महाराज, दूतांना आजच उत्तर देऊ नका,” बाबा म्हणाले. “हे वस्त्र घालून आधी सगळे पाडे फिरून या. यांनाही बरोबर न्या. मग काय ते कळवा.”

बाबांनी त्याला कधी ‘तुम्ही’ म्हटले नव्हते. ते ऐकून वेस्ताला कसेतरीच झाले. पण मीठ सुरू होणार होते, आणि खरे सांगायचे तर जरीचा तो स्पर्श त्याला वाईट वाटत नव्हता. तो निघाला.

पहिल्या पाड्यात त्याची मावशी राहत होती. कुंपणाचे फाटक उघडे टाकलेस म्हणून एरवी त्याला शिव्या घालणारी ती बाई त्याला बघताच जागेवरून उठली आणि बाजूला उभी राहिली. “मावशी, बस की गं,” तो म्हणाला. ती बसली नाही.

पुढच्या पाड्यात दोन भाऊ पाण्याच्या पाटावरून भांडत आले. असा तंटा निघाला की एरवी सगळा पाडा जमे, आरडाओरडा होई, अख्खा दिवस जाई आणि शेवटी दोघेही कुरकुरत का होईना, कबूल होत. त्या दिवशी मात्र कुणीच तोंड उघडले नाही. सगळे राजाकडे बघत राहिले. वेस्ताने थोरल्याच्या बाजूने निकाल दिला. धाकटा दूताबरोबर आलेल्या नोकराजवळ जाऊन बसला आणि हळू आवाजात त्याच्याशी बराच वेळ बोलत राहिला. ते काय बोलले असतील, हा विचार वेस्ताच्या मनातून वाटभर जाईना.

मग ते खिंडीपाशी आले. खिंडीत कुणीही नव्हते. पहारेकरी खालच्या शेतात निवांत निंदणी करत होते.

“अरे, पहारा कोण देतंय?” वेस्ता ओरडला.

“आता राजा आहे ना!” खालून उत्तर आले. “राजा बघेल!”

त्यांच्या बोलण्यात जराही कुचेष्टा नव्हती. ती माणसे मनापासून सुखावली होती. वेस्ताने वळून पाहिले. दूत त्या ओसाड खिंडीकडे टक लावून बघत उभा होता.

वेस्ताने राजवस्त्र उतरवले, नीट घडी केली आणि दूताच्या हातात दिली. “हे घेऊन जा.”

दूत गोंधळला. “मग डोंगराच्या वतीने मी बोलू तरी कुणाशी?”

“ते मलाही ठाऊक नाही,” वेस्ता म्हणाला आणि पहाऱ्याच्या खडकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने खालची माणसे खुरपी कमरेला खोचून ओशाळल्यासारखी वर आली.

तो परतला तेव्हा बाबा म्हणाले, “सम्राटाला हा डोंगर जिंकता येत नव्हता, कारण त्याला धरायला मान सापडत नव्हती. इथं प्रत्येक घराची मान वेगळी. ती सगळी घरं मिळून त्यांची एकच मान करावी, म्हणून त्यानं ते वस्त्र पाठवलं. एक मान झाली, की ती दाबणं सोपं जातं. आणि आपल्या लोकांनाही ते गोडच वाटतं रे. आपलं ओझं दुसऱ्यानं उचललं, तर कुणाला नको आहे?”

मीठ बंदच राहिले. समुद्राकडच्या उतारावरून, फार बिकट वाटेने, माणसे मीठ आणू लागली. त्या वाटेवर दोघे दरीत गेले. त्यांच्या घरच्यांनी वेस्ताला काही म्हटले नाही, पण त्यांच्या दारावरून जाताना त्याची मान वर होत नसे.

पावसाळा सरल्यावर सैन्य पुन्हा चढले, आणि या वेळी चकमकीत वेस्ता जिवंत सापडला. सेनापतीला आनंद झाला. त्याने दवंडी पिटवली, ‘तुमचा राजा आमच्या कैदेत आहे. शस्त्रे टाका.’ पण कुणी खाली आले नाही. वरून दगड येतच राहिले. मागून येणारी रसद रोज कुठे ना कुठे लुटली जाऊ लागली.

“हे लोक शरण का येत नाहीत?” सेनापतीने वैतागून विचारले. “मी तुला पकडलंय ना?”

“हो, मला पकडलंय,” वेस्ता म्हणाला. “बाकीचे वर आहेत.”

धान्य संपले तसे सैन्य परत फिरले. डोंगरातल्या लोकांनी पकडलेल्या आपल्या शिपायांच्या बदल्यात सेनापतीने वेस्ताला सोडले.

वेस्ता खंगून घरी आला. अंगात बळ आले तसा तो बाबांकडे गेला. कैदेत असताना एक प्रश्न त्याला सारखा छळत होता.

“बाबा, तुम्हाला सगळं आधीच दिसत होतं. मग ‘ते वस्त्र घेऊ नकोस’ एवढंच का नाही सांगितलंत? मला त्याचा मोह पडला असता तर? मी ते उतरवलंच नसतं तर?”

“ती भीती मला होतीच,” बाबा म्हणाले. “तू फिरत होतास तोवर मला अन्न गेलं नाही.”

“मग सांगायचं होतंत ना. मी तुमचा शब्द मोडला नसता.”

“नसतासच मोडला. तू नाही, आणि या डोंगरातल्या कुणीच नाही.” बाबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले. “म्हणजे त्या दिवशी डोंगराला राजा मिळालाच असता, वेस्ता. फक्त तो तू नसतास.”

आपल्या गुरूने आपल्यापुढे वाकून नमस्कार केला, त्या क्षणी त्यांनी आपल्या शब्दाच्या अधिकारावर आपणहून पाणी सोडले होते, हे वेस्ताला आत्ता कुठे कळत होते.