आधी वर कोण गेलं?

डोंगरांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पायथ्याच्या डबक्यात बेडकीची पिल्लं होती आणि डबकं उन्हानं आटत चाललं होतं. वर कड्यावर मात्र गार पाण्याचं टाकं होतं. म्हणून बेडकीनं मोठ्या पाखरांना हाका मारल्या. "एवढी लेकरं चोचीत धरून वर पोचवा हो," म्हणाली.

राजदरबारचं गिधाड म्हणालं, "नेऊ की. पण मुहूर्त हवा, नारळ हवा, राणीसाहेबांचं भाषण हवं."

खाजगी धंदा थाटलेली घार फिसकन हसली. "याचा मुहूर्त निघेस्तोवर तुला नातवंडं होतील, बाई! मी नेते." आणि रिकाम्या चोचीनंच कड्याकडे घिरट्या घालून आली. "ही नुसती चाचणी हं," म्हणाली.

तेवढ्यात परदेशी करकोचा उतरला. "आमच्याकडचे करकोचे असले कडे रोज चढतात," तो म्हणाला. झालं! आता देशाच्या इज्जतीचा प्रश्न आला. गिधाडानं मुहूर्तबिहूर्त सोडून घाईघाईनं नारळ फोडला आणि तिघं सुसाट उडाले.

"अहो गिधाडभाऊ, माझी पोरं राहिली की खाली!" बेडकी बोंबलली.

"पोरांचं नंतर बघू!" तिघं वरून ओरडले. "आधी वर कोण पोचलं ते सांग. हार त्यालाच घालायचाय!"

बेडकीनं डबक्यात पाहिलं. कोरड्या चिखलात पिल्लं तडफडत होती.

"मग हार या डबक्याच्या पाण्याला घाला, मेल्यांनो," ती म्हणाली. "तुमच्या कितीतरी आधी तेच वर गेलंय."