सूर्य उलटला त्या वर्षीचे करकोचे

एका रानाच्या कडेला उथळ पाण्याचे एक तळे होते, आणि दर हिवाळ्यात तिथे करकोच्यांचा थवा मुक्कामाला येत असे. मुलांनो, करकोचा म्हणजे उंच पायांचा, लांब मानेचा, राखाडी अंगाचा पक्षी. दिवसभर तो रानात दाणे टिपतो, पण झोपायला मात्र पाण्यात येतो. गुडघाभर पाण्यात उभा राहून झोपतो. हसू नका, त्यात मोठे शहाणपण आहे. कोल्हा पाण्यातून चालत आला तर आधी पाणी वाजते, आणि पाणी वाजले की करकोचा हवेत! त्या रानातल्या कोल्ह्याने असे चार हिवाळे काठावर बसून काढले होते. तोंडाला एक पीससुद्धा लागले नव्हते.

ऊन तापू लागले, तळे आटू लागले की थवा उत्तरेला निघायचा. बर्फाच्या डोंगरांपलीकडे त्यांची गवताची मैदाने होती, घरटी तिथेच व्हायची. वेळेवर पोचले तर पिल्ले, उशीर झाला तर त्या वर्षी एकही पिल्लू नाही. थव्याची म्होरकी होती एक पोक्त करकोची. सगळे तिला मावशी म्हणत. निघायच्या सकाळी ती डोळे मिटून तळ्यावर एक फेर घ्यायची. फिरता फिरता एका बाजूला तोंड झाले की तिच्या डोक्यातली हुरहुर एकदम शांत व्हायची. ती उत्तर. आपली पृथ्वी हेच एक मोठे लोहचुंबक आहे. होकायंत्राच्या सुईला ते कळते, तसेच करकोच्यांनाही कळते. ढग असोत, धूळ असो, या जाणिवेच्या भरवशावर थवा डोंगर ओलांडायचा.

त्या वर्षी एका ढगाळ सकाळी मावशीने फेर घेतला, "चला!" म्हणाली, आणि सगळा थवा तिच्यामागे निघाला. थोड्या वेळाने एका तरुण करकोच्याने मागून हाक मारली.

"मावशी, बर्फाचे डोंगर खारट असतात का गं? मला समोर समुद्र दिसतोय!"

मावशीने पाहिले. खरेच की, समुद्र! थवा दक्षिणेला चालला होता. आणखी दोन दिवस तसेच उडाले असते, तर पाय टेकायला जमीन मिळाली नसती. ती लगेच वळली आणि सगळ्यांना तळ्यावर घेऊन आली. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

कोल्ह्याने हे सगळे पाहिले होते. तो काठावर येऊन बसला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुमची चूकच नाही. बातमी कळली नाही वाटतं? टेकडीवरच्या वेधशाळेच्या घुमटावर ते घुबड बसतं ना, ते आतल्या माणसांचं बोलणं ऐकून आलंय. सूर्य उलटला!"

"उलटला म्हणजे?"

"अहो, सूर्यसुद्धा लोहचुंबकच. त्याचा उत्तर ध्रुव दक्षिण झाला आणि दक्षिण ध्रुव उत्तर. एवढा मोठा सूर्य उलटला, तिथं तुमच्या चिमूटभर मेंदूची काय कथा!"

"मग सोपं आहे," तो तरुण करकोचा म्हणाला. "मावशी दाखवेल त्याच्या बरोब्बर उलट जायचं."

"आणि वाटेत तो सुलटा झाला तर?" कोल्हा चुकचुकला. "बर्फात मराल रे लेकरांनो. माझं ऐका, यंदा इथंच राहा. मी आहे ना काळजी घ्यायला."

थव्यात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले थांबू, कुणी म्हणाले मावशी म्हातारी झाली, दुसरा म्होरक्या बघू. मावशीने सगळे ऐकले आणि ती तळ्याच्या पलीकडच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली.

आता मुलांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोल्ह्याची बातमी खोटी नव्हती. लबाड माणूस तद्दन खोटा माल फार क्वचित विकतो, तो खराच माल अर्धा झाकून दाखवतो. मागे एकदा माझ्या किराणा दुकानात येऊन एका दलालाने मला सांगितले की बंदरावर वादळ झाले आहे, आता महिनाभर मीठ दिसणार नाही, चढ्या भावाने का होईना, आजच घेऊन ठेवा. वादळ झाले होते, अगदी खरे. पण मी सहज दुकानाबाहेर डोकावलो, तर याच्याच मिठाच्या चार गाड्या कोपऱ्यावर उभ्या! मी त्याला चहा पाजला आणि हात जोडले.

कासवही असेच डोकावून पाहणारे होते. त्याच्या बिळाच्या तोंडावरच्या दगडाला एक बारीक भोक होते. त्यातून आतल्या भिंतीवर सूर्याचे छोटे गोल चित्र पडायचे. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कधी पाहू नये, तुम्हीही पाहू नका. कासव भिंतीवर पाहायचे आणि गोलावर काळे डाग आहेत का ते मोजायचे.

"सूर्य उलटलाय हे खरं," ते म्हणाले. "पण त्यात घाबरण्यासारखं काय आहे? मी हे सहा वेळा पाहिलंय. डाग वाढत जातात, भरपूर झाले की त्याच सुमाराला त्याचे ध्रुव अदलाबदल करतात, मग डाग पुन्हा कमी होतात. कधी दहा वर्षं, कधी बारा, बहुतेक अकरा. हे सातवं."

"सहाही वेळा इथल्या दिशा उलटल्या होत्या का, आजोबा?"

"एकदाही नाही. सूर्याचं चुंबक सूर्याचं, आपल्या जमिनीचं चुंबक जमिनीचं. मात्र डागांच्या दिवसांत सूर्य जरा तापट असतो. तिथून मोठा झोत सुटला आणि इथं येऊन आदळला की जमिनीचं चुंबक दोन-तीन दिवस थरथरतं. तुझी चूक त्या थरथरीची असेल."

"असेल म्हणू नका. माझ्यामागे साठ जीव आहेत. नक्की कसं कळायचं?"

कासव खूश झाले. असा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक कुणाला आवडत नाही? "एक फेर घेऊन निघतेस, तिथं चुकतेस. तीन फेर घे. दिशा खरंच उलटली असेल, तर तिन्ही वेळा एकाच चुकीच्या जागी थांबशील. नुसती थरथर असेल, तर तीनदा तीन ठिकाणी थांबशील. आणि हो, जाता जाता कोल्ह्याच्या पावलांचे ठसे बघ."

मावशीने ठसे पाहिले. गेल्या आठवड्यातले ठसे काठावर होते. कालचे ठसे चिखलात दहा पावले आत आले होते. पाणी जसे मागे हटत होते, तसा कोल्हा पुढे सरकत होता. तळे आटले की थव्यापर्यंत कोरड्या पायाने जाता येणार होते. यंदा इथंच राहा, तो म्हणाला होता. का, ते तिला आता कळले.

दुसऱ्या सकाळी तिने सगळ्यांसमोर तीन फेर घेतले. एकदा ती टेकडीच्या बाजूला थांबली, एकदा ताडाच्या झाडाकडे, एकदा समुद्राकडे.

"झालं! हिला तर तीन-तीन उत्तरा सापडल्या," एक करकोचा म्हणाला. "मावशी, एक मला दे."

सगळे हसले. मावशीही हसली. "तीन सापडल्या म्हणूनच सांगते, दिशा उलटलेली नाही. हललेली आहे, आणि हललेली गोष्ट थांबते. आपण दोन दिवस वाट पाहायची. तोवर सगळ्यांनी मधल्या पाण्यात, दाटीनं उभं राहायचं."

त्या दिवशी पाणी गुडघ्याखाली गेले. पुढच्या सकाळी तिचे तिन्ही फेर जवळजवळ आले, पण अजून एक होत नव्हते. थवा तहानेने नव्हे, वाट पाहून बेजार झाला. कोल्हा आता चिखलात बसूनच गप्पा मारत होता. "ताई, हट्ट सोडा. राहताय ना?"

"उद्या सांगते, भाऊ," मावशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पूर्व उजळली तेव्हा पाणी जेमतेम घोट्यापर्यंत उरले होते. मावशीने डोळे मिटून पहिला फेर घेतला. डोंगराच्या खिंडीकडे तोंड होताच हुरहुर शांत झाली. दुसरा फेर. खिंड. खाली कोल्हा पोटावर सरपटत पाण्याच्या कडेशी आला होता. तरुण करकोचा ओरडला, "मावशी, पुरे, चल आता!"

"तीन म्हणजे तीन," ती वरून म्हणाली आणि तिने तिसरा फेर घेतला. खिंडच! तिने डोळे उघडले. उगवता सूर्य बरोबर तिच्या उजव्या हाताला होता.

"उठा!"

कोल्ह्याने उडी मारली. साठ जोड्या पंख एकदम फडफडले, चिखल उडाला आणि कोल्ह्याचे तोंड त्या चिखलातच रुतले. तो वर पाहतो तर थवा खिंडीच्या वाटेला लागलेला. "अहो, सूर्य अजून उलटाच आहे!" तो ओरडला.

"असू दे की!" मावशीने वरून उत्तर दिले. "त्याच्या घरात तो कसाही झोपो. आम्हाला आमच्या घरी जायचंय."

त्या वर्षी उत्तरेच्या गवतात करकोच्यांना एकोणीस पिल्ले झाली.

तात्पर्य : दूरवरची उलथापालथ कितीही मोठी असो, ती आपल्या वाटेपर्यंत किती पोचते हे स्वतः तीनदा तपासून पाहावे, आणि भीतीची बातमी आणणाऱ्याचे पाय कोणत्या दिशेला सरकत आहेत, हेही पाहावे.