फोनचं स्थळ

डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात चांगुणाकाकू नावाची एक बाई राहायची. काम काय, तर लोकांची लग्नं जुळवायची. आता तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? अहो, पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांतल्या सुना काकूंनीच शोधून आणलेल्या. कुठल्याही मांडवात गेल्या की त्यांना पहिला पाट मिळायचा.

काकूंची पद्धत ठरलेली होती. चांगलं स्थळ आलं म्हणून हुरळून जायचं नाही. त्याच्या जोडीला दुसरं स्थळ उभं करायचं आणि मग दोघांची तपासणी सुरू. मुलाच्या घरी भर दुपारी न सांगता जायचं, पाणी मागायचं. पाणी कोण आणून देतं, तांब्या घासलेला आहे का, सासू थोरल्या सुनेला कशी हाक मारते, सगळं बघून घ्यायचं. येताना शेजारणीकडे घटकाभर टेकायचं आणि त्या घराची उरलीसुरली माहिती काढून आणायची. काकूंनी हो म्हटलं की लोक डोळे मिटून लग्नाची तारीख काढत.

ही पद्धत एकाच घरात चालेना, ते म्हणजे काकूंच्या स्वतःच्या. त्यांची मुलगी वैजयंती, घरातली वैजू, शिवणकाम करायची. हातात कला, स्वभावाने सरळ, बोलायला जरा कमी. तिला स्थळं काही कमी आली नाहीत. पण पोटच्या पोरीचं म्हटल्यावर काकूंची तपासणी दुप्पट. एकाचं घर बरं तर दुसऱ्याची नोकरी बरी, नोकरी बरी तर आई फटकळ. हे बघू, ते बघू, अजून एक बघू, असं करता करता वैजूने तिशी गाठली. ‘जगाची लग्नं लावते आणि घरात बघा,’ असं गाव मागून बोलायला लागलं. ते कानावर आलं की काकूंच्या घशाखाली घास उतरत नसे.

अशात नदीपलीकडच्या गावाहून एक स्थळ आलं. मुलाची रोपवाटिका होती. बघायला आला तेव्हा वैजूने मान वर करून त्याला विचारलं, “विकलेलं रोप मेलं तर गिऱ्हाइकाला काय सांगता?” मुलगा म्हणाला, “माझ्या चुकीने मेलं असेल तर दुसरं देतो. त्यांनी पाणीच घातलं नसेल तरी बहुतेक वेळा देतोच. वाद घालायला जमत नाही मला.” वैजू हसली. पाहुणे गेल्यावर चहाच्या कपबशा उचलता उचलता म्हणाली, “आई, मला आवडला.” इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. काकूंना त्या दिवशी आनंदाने काही सुचेना.

मुलाची आई जाताना सांगून गेली होती, “घरात सगळ्यांना विचारते आणि आठवड्याच्या आत फोन करते.”

आणि दुसऱ्या दिवशी काय व्हावं? काकू कान आणि खांद्याच्या मध्ये फोन धरून ताक घुसळत होत्या, तो निसटला आणि सरळ ताकाच्या डेऱ्यात. बाहेर काढला, पुसला, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. काही उपयोग झाला नाही. घरात फोन तेवढा एकच होता.

वैजू म्हणाली, “तुझं कार्ड शेजारच्या इंदूवहिनींच्या फोनमध्ये घाल ना दोन दिवस.”

“म्हणजे गावातल्या सगळ्या पोरींची गुपितं त्या इंदूच्या हातात देऊ? लोक विश्वासाने बोलतात माझ्याशी,” काकू म्हणाल्या.

“मग तिच्या फोनवरून मुलाकडे नुसतं कळव तरी, की आमचा फोन बिघडलाय.”

“खुळी का काय तू? मुलीकडच्यांनी आपणहून फोन करायचा नसतो. उतावीळ दिसतो आपण, आणि ते जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. आत्ताच्या गाडीने जाते आणि नवा फोन घेऊन येते. त्यात काय एवढं?”

काकूंनी जुन्या फोनमधलं कार्ड काढलं, पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधलं आणि एसटीने तालुक्याला गेल्या.

दुकानदाराने काचेवर दोन फोन मांडले. एकाचं नाव ‘गरुड’, दुसऱ्याचं ‘मोरपीस’. किंमत दोघांची जवळपास सारखी. गरुडाचे फोटो इतके स्वच्छ, की मुलीच्या नाकातल्या चमकीचे खडे मोजून घ्यावेत. मोरपिसाची बॅटरी दणकट, आज चार्ज केला की परवाचीच बात. दुकानदार म्हणाला, “काकू, दोन्ही चांगले आहेत. डोळे झाकून कुठलाही न्या.”

डोळे झाकून? हे चांगुणाकाकूंना सांगायचं? त्यांच्यासमोर दोन स्थळं येऊन बसली होती. त्यांनी पदर खोचला आणि विचारायला सुरुवात केली. घराणं कुठलं, म्हणजे कंपनी किती जुनी? तापट आहे का, म्हणजे फार वेळ बोललं तर गरम होतो का? आजारी पडला तर बरा होतो का, म्हणजे दुरुस्त होतो का? दुकानदाराने शांतपणे सगळं सांगितलं. त्याच्या उत्तरांनी काकूंचं समाधान होईना. मुलाचा मामा मुलाबद्दल चांगलंच बोलणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. “चौकशी करून येते,” म्हणाल्या आणि तशाच परत फिरल्या.

“घेतलास?” दारातच वैजूने विचारलं.

“उद्या. उगाच गळ्यात काहीतरी पडायला नको.”

दुसऱ्या दिवशी काकू चौकशीला निघाल्या. बँडवाल्या गणपतराव मास्तरांकडे गरुड होता. काकू भर दुपारी, ते जेवायला बसले असतानाच जाऊन थडकल्या. पाणी मागितलं आणि बोलता बोलता फोन हातात घेऊन त्याच्या पाठीला हात लावून पाहिला. गारच होता. मास्तर म्हणाले, “वरातीचं चित्रण काय येतं म्हणून सांगू, काकू. फक्त वरात निघेपर्यंत बॅटरी टिकली पाहिजे.” झालं. गरुड काकूंच्या मनातून उतरला.

मोरपीस होता अंगणवाडीच्या बाईंकडे. काकू तिकडे गेल्या. बाई म्हणाल्या, “बॅटरीला नाव ठेवायला जागा नाही. पण फोटोत गोरं माणूससुद्धा सावळं येतं.” आता लग्न जुळवणाऱ्या बाईला असा फोन काय कामाचा? तिथून बाहेर पडताना काकूंनी मोरपिसावरही फुली मारली. मग वाटेत वाटलं, फोटो काय, कुणाकडूनही काढून घेता येतील, बॅटरी मात्र कुणी उसनी देत नाही. घर येईपर्यंत मोरपीस पुन्हा पसंत होता. रात्रीच्या भाकरी थापताना परत वाटायला लागलं, फोटोच वाईट गेला तर पुढचं स्थळ येईल कशाला? तव्यावरची भाकरी करपली तरी काकूंच्या लक्षात आलं नाही. वैजूने येऊन ती उतरवली.

तालुक्याची दुसरी खेपही रिकामीच गेली. तिसऱ्या खेपेला तर काकू पैसे काढून गल्ल्यापाशी उभ्या राहिल्या होत्या. गरुड द्या, म्हणाल्या. दुकानदाराने खोका काढला. तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक सहज बोललं, “गरुडाचं दुरुस्तीचं दुकान थेट जिल्ह्याला आहे हं.” काकूंचा हात मागे आला. सासर इतकं लांब? दुकानदाराने कपाळाला हात लावला नाही, एवढंच. वैतागून तो म्हणाला, “मग असं करा, थोडं थांबा. चार दिवसांनी या दोघांचे गुण असलेला नवीनच येतोय.”

खरं तर त्याला बिचाऱ्याला काकूंपासून सुटका हवी होती. काकूंना मात्र तो आधार वाटला. चला, तिसरं स्थळ आलं. आता घाई कशाला?

घाई नव्हती, पण चैनही नव्हती. काकू घरात या दाराहून त्या दाराशी जायच्या. दळण आणायला निघायच्या आणि पिठाचा डबा घरीच राहायचा. रस्त्यात दिसेल त्याला थांबवून विचारायच्या, “तुमचा कुठला? किती दिवस झाले? त्रास वगैरे?” प्रत्येक जण काहीतरी नवीनच सांगायचा आणि काकूंच्या डोक्यात आणखी एक शंका घुसायची. दोन फोनांपलीकडे त्यांना दुसरं काही दिसेनासंच झालं होतं. कुणाच्या फोनची वाट बघत आपण हे सगळं करतोय, हे त्यांच्या मनात वरवर असायचं, खोलवर उतरत नव्हतं.

वैजू मशीनवर बसून असायची. रस्त्यावर कुणाचा फोन वाजला तरी तिचा पाय थांबायचा. एकदा तिने धीर करून म्हटलं, “आई, आज तरी घेऊन ये गं. त्यांचं काय ते मला कळू दे.”

“तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं,” काकू चिडून म्हणाल्या. “मी काय माझ्या हौसेसाठी वणवण करतेय?”

त्यानंतर वैजूने विचारणं सोडून दिलं.

चार दिवसांचे आठ झाले, तेव्हा नवीन फोन आला का ते बघायला काकू पुन्हा एसटीत बसल्या. शेजारच्या सीटवर एक बाई मांडीवर चाफ्याचं रोप घेऊन बसली होती. पिशवीवर नदीपलीकडच्या रोपवाटिकेचं नाव होतं. ते नाव वाचलं मात्र, काकूंना सगळं एकदम आठवलं. आठवड्याच्या आत फोन करते, असं म्हणाल्या होत्या मुलाच्या आई. तो आठवडा उलटून गेला, पुढचाही सरत आला, आणि कार्ड अजून आपल्या पदराच्या गाठीत. काकूंना गाडी कधी एकदा पोचते असं झालं. ड्रायव्हरने वाटेत चहाला थांबवली तेव्हा त्या खाली उतरून गाडीभोवती फेऱ्या मारत राहिल्या.

दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाल्या, “द्या.”

“कुठला, काकू?”

“हाताला लागेल तो.”

दुकानदाराने न बघताच कपाटात हात घातला. त्याच्या हाताला मोरपीस लागला. काकूंनी पदराची गाठ सोडली, त्याने कार्ड घातलं, फोन सुरू केला. आणि फोन टिंगटिंग करायला लागला. फोन बंद असताना येऊन गेलेल्या कॉलचे निरोप एकामागून एक येत होते. एकच नंबर, पुन्हा पुन्हा तोच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तो नंबर काकूंना पाठ होता.

आता कसली रीत आणि कसलं काय. काकूंनी तिथेच उभं राहून तो नंबर लावला. पलीकडून मुलाच्या आईचा आवाज आला, अगदी समोर बसून बोलावं इतका स्पष्ट.

“अहो काकू, किती फोन केले आम्ही. सगळ्यांना वैजयंती इतकी पसंत होती. पण सारखा फोन बंद, सारखा बंद. मुलगा म्हणत होता, मी जाऊन येतो. मीच त्याला अडवलं. म्हटलं, त्या एवढ्या जाणत्या, लग्नं जुळवण्यात आयुष्य गेलंय त्यांचं. त्या फोन बंद ठेवतात म्हणजे त्यांना नकार द्यायचाय आणि तोंडावर द्यायला जड जातंय. दारात जाऊन आणखी कशाला लाजवायचं? बरेच दिवस वाट बघितली, काकू. मग परवा दुसरीकडे सुपारी फोडली.”

फोन ताकात पडला होता, हे सांगून आता काय होणार होतं? तिकडे कुणाच्या तरी मुलीच्या कपाळाला कुंकू लागलं होतं. दुसऱ्याची सोयरीक मोडायची, हे पाप काकूंनी कधी केलं नव्हतं. “सुखाचा संसार होऊ दे,” एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुकानदाराने न सांगता त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तो त्यांनी तसाच राहू दिला.

घरी आल्या तेव्हा वैजू एका परकराला नेफा घालत होती. काकूंनी नवा फोन तिच्यासमोर मशीनवर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मुलाकडून होकार होता. सगळ्यांचा होता. आपला फोन लागला नाही म्हणून त्यांना नकार वाटला. आता त्याचं दुसरीकडे ठरलं.

वैजूने मशीनचं चाक हाताने थांबवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी आवाज चढला नाही.

“आणि तो दुसरा फोन कसा होता गं, आई?”

“होता चांगलाच. दोन्ही चांगले होते,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे पहिल्या दिवशी कुठलाही घेतला असतास, तरी त्यांचा फोन लागला असता.”

काकू तिच्याजवळ खाली बसल्या. इतक्या जणांना इतके प्रश्न विचारले होते त्यांनी, पण हा एवढासा हिशेब कधी केला नव्हता. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारख्या रडल्या. वैजूने हात काढून घेतला नाही.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: दोन चांगल्या गोष्टींतली एक निवडायची असेल, तेव्हा कुठलीही निवडली तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते निवडत बसल्याने. आणि ती वस्तू आपण कुणासाठी घ्यायला निघालो होतो, त्या माणसाचा विसर पडल्याने.