मंजुळेची ओ

एका राज्यात राजाला जाग यायची ती मंजुळेच्या भूपाळीने. गळा असा गोड, की पारिजातकही तिचे गाणे संपल्यावरच फुले टाकी.

गायनशाळेचा मुख्य होता कालकेतू, मोठा मांत्रिक आणि तेवढाच मत्सरी. तो तिला कधी नावाने बोलावीत नसे. "ए घोगरे!" म्हणे. सगळे खदखदा हसत, आणि चाकरीच ती, बिचारी "ओ" देई. प्रत्येक 'ओ'बरोबर तिचा आवाज थोडा बसे आणि दंडावर एक पीस उगवे. अशाच ओ देता देता आधीच्या गायिका साळुंक्या होऊन त्याच्या पिंजऱ्यात बसल्या होत्या.

त्यांतली एक म्हणाली, "पोरी, डोंगरावरच्या आईकडे जा. आम्ही गेलो नाही गं."

मंजुळा गेली. देवीपुढे पोटभर रडली. "आई, त्याला भस्म कर."

पुजारीण भिवाक्का वाती वळत होती. देवीने तिला सारे आधीच सांगितले होते. ती सहज म्हणाली, "घोगरे!"

"ओ," मंजुळा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"धन्य गं बाई तुझी! देवीच्या दारातही त्याचीच चाकरी?" म्हातारी हसली. मग हळूच म्हणाली, "मंजुळा."

मंजुळेने मागे वळून पाहिले. कोणाला हाक मारली, तेच तिला उमगेना.

"मंजुळा."

तिचे डोळे भरून आले.

"मंजुळा, बाळा."

"ओ!"

समईची ज्योत हातभर उंच झाली.

"रानात भुताने हाक मारली तर ओ देऊ नये, हे ठाऊक आहे ना? तीनदा गप्प राहिले की हाक माघारी जाते. मग दरबारात कशी विसरलीस? हाक त्याची, पण ओ तुझी. भीती वाटली तर आई पाठीशी आहे."

सकाळी कालकेतू ओरडला, "ए घोगरे!"

मंजुळा तंबोरा लावत राहिली.

"घोगरे!"

'ओ' तिच्या ओठांवर आली. तेवढ्यात पाठीवर ऊबदार तळवा टेकला. मागे कोणीच नव्हते.

"घोगरे!"

साळुंक्यांनी श्वास रोखले. मंजुळा गप्प राहिली. ती हाक माघारी वळली आणि कालकेतूच्याच घशात जाऊन बसली. मंजुळेच्या दंडावरची पिसे गळाली. पिंजरा उघडला, बायका बाहेर आल्या. एकीच्या तोंडात अजून डाळिंबाचा दाणा होता. त्या सगळ्यांच्या भूपाळीने राजा जागा झाला.

कालकेतूचा घोगरा आवाज ऐकून गायनशाळा हसू लागली. मंजुळेने डोळे वटारले, तशी सारी चूप. मग तो खरखरत म्हणाला, "मंजुळाबाई..."

"ओ," मंजुळा म्हणाली.

तिला जशी तिच्या नावाची हाक मिळाली, तशी तुम्हांआम्हां सर्वांना मिळो.